दसऱ्याआधीचा एक्स-रे

डॉक्टर एक्स-रेची फिल्म खिडकीच्या काचेवर धरतात आणि पेन्सिलीनं तिच्यावर एक आडवी रेघ ओढतात. ओटीपोटाची हाडं जिथे अजून जुळलेली नाहीत, तिथे दोन्ही बाजूंना काळी फट दिसते. रेघ त्या दोन फटींना जोडते. मग उखळीच्या बाहेरच्या कडेवरून सरळ खाली दुसरी रेघ, पहिलीला काटकोनात. मांडीच्या हाडाचा गोल माथा या उभ्या रेघेच्या आत असायला हवा. डावीकडचा जवळजवळ सगळा आत आहे. उजवीकडचा रेघ ओलांडून बाहेर आला आहे. डॉक्टर पट्टी लावून मोजतात. "माथ्याची रुंदी चोवीस मिलिमीटर. त्यातले आठ बाहेर." केसपेपरवर आकडा येतो: 33 टक्के. गेल्या गुढीपाडव्यानंतर काढलेल्या फिल्मवर हाच आकडा 26 आहे.

हा खुबा जिचा, ती चार वर्षांची मुलगी समोरच्या बाकावर आजीच्या मांडीत आहे. आजीच्या बांगड्या वाजल्या की ती खळखळून हसते. तिला काही दुखत नाही. "रातीला बी रडत नाही," आई पुन्हा पुन्हा सांगते. एवढ्या शांत लेकराच्या सांध्यात काही बिघडतंय, हे तिला पटत नाही.

"दुखत नाही, तोवरच बघायचं असतं ताई," डॉक्टर म्हणतात. "दुखायला लागेल तेव्हा उशीर झालेला असेल."

सप्टेंबर संपत आला आहे. छत्रपती संभाजीनगरातल्या एका संस्थेच्या केंद्रात आज सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांची तपासणी आहे. पुण्याहून बालअस्थिरोगतज्ज्ञ आल्या आहेत. व्हरांड्यात जालना, बीड, परभणीकडून आलेली माणसं बसली आहेत. कुणी पहाटेच्या एसटीनं, कुणी जीप करून. टिफिनचे डबे, पाण्याच्या बाटल्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले जुने एक्स-रे. आतल्या बाजूला ऑर्थोटिस्टची, म्हणजे मुलांचे पाय उघडे ठेवणारे पट्टे घडवणाऱ्याची, कार्यशाळा आहे. तिथून प्लास्टर घासल्याचा आवाज येतो आहे.

आकडा कसा काढतात, ते डॉक्टर आईबापांना फिल्मवरच दाखवतात. माथ्याचा किती भाग उखळीबाहेर गेला, त्याची ही टक्केवारी. डेन्मार्कच्या यान राइमर्स यांनी 1980 साली ही मोजणी मांडली आणि आज जगभर सेरेब्रल पाल्सीतल्या खुब्याची भाषा हीच आहे. आकडा 30च्या पुढे गेला की खुबा सरकू लागला असं धरतात. 40च्या पुढे गेला की तो आपोआप मागे येईल, ही आशा जवळजवळ सोडावी लागते. 100 म्हणजे माथा पूर्ण बाहेर.

या मुलांचा खुबा जन्मतः सहसा चांगला असतो. इजा झालेली असते मेंदूला. पण वाढत्या वयातलं हाड स्नायूंच्या ओढीनं आणि त्याच्यावर पडणाऱ्या भारानं घडत जातं. मूल वर्षाच्या आसपास उभं राहतं, पावलं टाकू लागतं, तसा मांडीच्या हाडाचा माथा उखळीत दाबला जातो, उखळी खोल होते, हाडाची मान आपला कोन बदलते. जे मूल उभंच राहत नाही, त्याच्या हाडाला ही घडण मिळत नाही. त्यात मांडीच्या आतल्या बाजूचे स्नायू ताठ. ते गुडघे एकमेकांकडे ओढतात, पाय एकमेकांवर चढतात आणि माथा मिलिमीटर-मिलिमीटरनं बाहेर सरकतो.

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात 323 मुलांचे एक्स-रे तपासून 2006 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण दर तीन मुलांमागे एकाचा खुबा सरकलेला होता. जी मुलं आधाराशिवाय सगळीकडे चालत होती, त्यांच्यात एकाचाही नाही. ज्यांना मान आणि धड सावरणंही अवघड, त्यांच्यात मात्र शंभरातल्या नव्वदांचा. अंग ताठ आहे, ढिलं आहे की वळवळतं आहे, यानं फारसा फरक पडत नव्हता. मूल कितपत हालचाल करू शकतं, यानं पडत होता. म्हणून डॉक्टर प्रत्येक केसपेपरच्या डोक्यावर आधी पातळी लिहितात, एक ते पाच. ही मुलगी चौथ्या पातळीवर आहे. टेकून बसते, हात धरून उभं केलं तर क्षणभर पाय टेकते, चालत नाही.

फिजिओथेरपिस्ट तिला गादीवर उताणी निजवते. गुडघा धरून पाय पटकन बाहेर नेते. तो 15 अंशांवर झटका देऊन अडतो. मग तोच पाय सावकाश नेते, मुलीशी बोलत, तिच्या नजरेसमोर खुळखुळा धरून. या वेळी तो 35 अंशांपर्यंत जातो. "पटकन अडतो तो मेंदूचा झटका," ती आईला सांगते, "आणि हळू नेल्यावरही जिथे थांबतो, तिथे स्नायू खरोखर आखूड झालाय. दोन्ही वेगळं. पट्टा बेतताना हा दुसरा आकडा लागतो."

मुलीचे वडील आतापर्यंत दाराशी उभे आहेत. बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारं कुटुंब. टोपी हातात धरून ते विचारतात, "मॅडम, पट्टा बांधला की खुबा जागेवर बसंल ना?"

"नाही भाऊ. पट्ट्यानं बसणार नाही."

"मग कशाला बांधायचा?"

डॉक्टर पेन खाली ठेवतात. "बरोबर विचारलंत. आज तिचं माप होऊ दे, दुपारी सगळ्यांना एकत्र बसवून सांगते."

मापाच्या खोलीत ऑर्थोटिस्टनं पाण्याची बादली आणि प्लास्टरच्या पट्ट्या तयार ठेवल्या आहेत. तो आधी मुलीच्या कमरेपासून गुडघ्यापर्यंत सुती मोजा चढवतो. मग कॉपिंग पेन्सिल ओली करून मोज्यावर खुणा करतो: कमरेच्या पुढच्या हाडांची टोकं, खुब्याबाहेरचा उंचवटा, गुडघ्याची रेषा. ओल्या प्लास्टरवर या खुणा उमटतात आणि साच्यावर उतरतात. हाड कुठे आहे, हे साचा विसरत नाही. फिजिओ दोन्ही पाय धरून बसली आहे. किती उघडायचे, यावर दोघांचं हलक्या आवाजात बोलणं होतं. एका बाजूला 20 अंश ठरतात. पाय 35 पर्यंत जातो, तरी 20च.

"जास्त उघडला तर जास्त चांगलं, असं वाटतं ना?" ऑर्थोटिस्ट माझ्याकडे न बघता, पट्टी गुंडाळत बोलतो. "पण ताणून बांधलं तर लेकरू रात्रभर रडतं. आई चौथ्या दिवशी पट्टा माळ्यावर टाकते. आणि जबरदस्तीनं फाकवलेल्या खुब्यात माथ्याचा रक्तपुरवठा दाबला जाऊ शकतो. जेवढं सुखानं राहतं, तेवढंच."

प्लास्टर घट्ट होताना गरम होतं. मुलगी दचकते, तोंड वाकडं करते. आजी लगेच वाकून तिच्या कपाळावर हात ठेवते आणि गुणगुणू लागते. पाच-सहा मिनिटांत कवच कडक होतं. कापून काढलं की आतून त्या इवल्याशा कमरेचा नेमका आकार दिसतो.

कार्यशाळेत दुसऱ्या एका मुलाचा साचा भट्टीशेजारी तयार उभा आहे. कवचात प्लास्टर ओतून तो भरीव केलेला; जिथे हाड टोचेल तिथे थोडी भर घातलेली, जिथे धरून ठेवायचं तिथे थोडं घासलेलं. भट्टीत पॉलिप्रॉपिलिनचा पांढरट पत्रा तापतो आहे. पुरेसा तापला की त्याचा दुधी रंग जातो आणि तो काचेसारखा आरपार दिसू लागतो. हीच वेळ. दोघं जण जाड हातमोजे घालून पत्रा उचलतात, साच्यावर पसरतात, कडा दाबून मिटवतात आणि निर्वात पंप सुरू करतात. पत्रा साच्याला चिकटतो, थंड होताना पुन्हा दुधी होतो. मग कापणं, कडा गोल करणं, घाम जिरावा म्हणून भोकं पाडणं, आतून मऊ फोमचं अस्तर लावणं.

भिंतीवर पट्ट्यांचे प्रकार टांगलेले आहेत. दोन मांड्यांना दोन कवचं आणि मध्ये अॅल्युमिनियमची दांडी, हा साधा, झोपताना वापरायचा. दुसरा स्वीडनमध्ये विकसित झालेल्या स्वॅश जातीचा: कमरेला पट्टा, त्यातून निघालेले दोन वाकडे दांडे, मांड्यांना कडी. दांड्यांचा बाक असा, की मूल बसलं की पाय आपोआप जास्त उघडतात आणि उभं राहिलं की थोडे जवळ येतात. तिसरा अगदी घरगुती: गुडघे सरळ ठेवणारे कापडी गेटर आणि त्यांच्यामध्ये लाकडी पट्टी. कोपऱ्यात लाकडी खुर्ची आहे. तिच्या बैठकीला पुढून गुळगुळीत खुंटी बसवली आहे, गुडघे दूर राहावेत म्हणून. तिच्याच शेजारी पाय उघडे ठेवून उभं राहायची चौकट. पाय फाकवून, अंगाचा भार देऊन रोज काही वेळ उभं राहिलेल्या मुलांचे खुबे बरे टिकतात, असं स्वीडन आणि स्पेनमधल्या छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. ऑर्थोटिस्टला ही चौकट सगळ्यात जास्त आवडते. "पट्टा नुसता धरतो," तो म्हणतो. "उभं राहणं घडवतं."

बाहेर सात वर्षांच्या एका मुलाला नवा पट्टा घालून बघत आहेत. तो पाचव्या पातळीवर आहे. मान धरत नाही, पण डोळ्यांनी सगळ्यांशी बोलतो. अर्ध्या तासानं पट्टा काढतात. मांडीच्या आतल्या बाजूला लाल वळ उठला आहे. फिजिओ बोटानं दाबून बघते आणि घड्याळाकडे पाहते. "वीस मिनिटांत गेला तर चालेल. अर्ध्या तासानंतरही राहिला तर कवच घासून घ्यायचं. घरी पण हेच करायचं ताई, रोज." वळ जात नाही. मुलगा कण्हतो. कवच परत आत जातं, कड घासली जाते, पुन्हा घालतात. या वेळी तो डोळे मिटतो, चेहरा सैल पडतो. त्याची आई सांगते, की आधीच्या पट्ट्यानं एक गोष्ट नक्की झाली: लंगोट बदलणं सोपं झालं. गुडघे इतके जुळलेले असायचे, की धुवायला दोघं जण लागायचे, कातडी सोलवटायची. आता ती एकटी करते. बोलताना तिचा आवाज भरून येतो. एका आईचं काम असं दिवसातून कितीदा तरी सोपं होणं किती मोठं आहे, हे मला तिच्या चेहऱ्याकडे पाहून कळतं.

दुपारी सगळे सतरंजीवर बसतात. डॉक्टरही खालीच बसतात आणि सकाळच्या प्रश्नाला हात घालतात.

"पट्ट्यानं खुबा वाचतो का, हे ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी नीट तपासून पाहिलं. नव्वद मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला तीन वर्षं दर सहा महिन्यांनी स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन आणि त्याबरोबर हा पट्टा. दुसऱ्या गटाला नेहमीचे उपचार. 2008 साली निकाल आला. पट्टेवाल्या गटात खुबा सरकायचा वेग किंचित कमी होता, पण सरकणं थांबलं नाही. मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पाहिलं, तेव्हा तो फरकही उरला नव्हता."

सतरंजीवर चुळबुळ होते. एक आजोबा म्हणतात, "मग एवढा खटाटोप?"

"खटाटोप वेगळ्या कामासाठी, आजोबा. पट्ट्यानं लेकरू नीट बसतं, दोन्ही हात मोकळे राहतात, घास तोंडाशी नेता येतो. झोपेत पाय एकमेकांवर चढत नाहीत, एकाच बाजूला कलत नाहीत. स्नायू आखडायचा वेग कमी होतो. शस्त्रक्रिया झाली, तर नंतर मिळालेलं टिकवायला तो लागतो. हे सगळं खरं आहे आणि त्यासाठी तो वापरायचाच. पण पट्टा आहे म्हणून एक्स-रे चुकवला, तर त्या पट्ट्यानं नुकसान केलं. आतलं हाड आईला दिसत नाही, मला दिसत नाही. ते फक्त फिल्मवर दिसतं."

मग डॉक्टर स्वीडनची गोष्ट सांगतात. 1994 साली तिथल्या दक्षिण भागात सेरेब्रल पाल्सीच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायला सुरुवात झाली: ठरावीक वेळी तपासणी, ठरावीक वेळी एक्स-रे, आकडा वाढला की लगेच पुढचं पाऊल. कुणाला आतल्या स्नायूंची छोटी शस्त्रक्रिया, कुणाला हाडाची. वीस वर्षांनी हिशेब मांडला. आधी शंभरातल्या नऊ मुलांचा खुबा पूर्ण निखळत असे. देखरेखीतल्या मुलांमध्ये तो दोनशेंत एकाचा निखळला. नवं औषध सापडलं नव्हतं, नवं यंत्रही नाही. वेळेवर पाहिलं गेलं आणि पाहिलेल्यावर वेळेवर कृती झाली. भारतीय सेरेब्रल पाल्सी अकादमी आणि बालअस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही आता आपल्याकडच्या मुलांसाठी अशीच मार्गदर्शक तत्त्वं तयार केली आहेत.

आजी मध्येच विचारते, "घरी कसं धरू तिला? झोळीत टाकते मी."

फिजिओ उठते, मुलीला उचलते आणि आजीच्या कमरेवर बसवते, एक पाय पुढे, एक मागे. "असं. कडेवर. तुमची कंबरच तिचे पाय उघडे ठेवते. झोळीत गुडघे जुळतात, म्हणून झोळी कमी करायची." आजी लेकराला घट्ट धरते आणि म्हणते, "हे तर आमी करीतच आलो की." सगळे हसतात. चार वर्षांची झाली, वजन वाढलं, उसाच्या फडात तिला सावलीला निजवून ठेवायची सवय लागली, म्हणून कडेवर घेणं सुटलं आहे. ते आज पुन्हा सुरू होतं.

माणसं पांगल्यावर खरा अवघड भाग येतो. मुलीच्या आकड्याचा वेग डॉक्टरांना पसंत नाही. सहा महिन्यांत सात टक्के. पुढच्या एक्स-रेत आणखी वाढ दिसली तर आतल्या स्नायूंची शस्त्रक्रिया करावी लागेल. तेव्हाही टाळलं तर पुढे मांडीचं हाड कापून, फिरवून बसवावं लागतं, कधी उखळीचंही. पुढचा एक्स-रे मार्चमध्ये. वडील मान हलवतात. "मार्चला आमी कारखान्यावर. मुकादमाची उचल घेतलीया. दिवाळी झाली की टोळी निघती, पाडव्याला माघारी."

नवरा-बायको मिळून एक कोयता. एक जण लेकराला घेऊन परत आला तर कोयता मोडतो, उचल फिटत नाही. हे डॉक्टरांना माहीत आहे. त्या भिंतीवरच्या कालनिर्णयची पानं उलटतात. दसरा आणि पाडवा, या दोन सणांमध्ये साधारण सहा महिन्यांचंच अंतर असतं. "एक दसऱ्याआधी, तो आज झाला. दुसरा पाडव्याच्या आठवड्यात. गावात पाय ठेवला की आधी इथे यायचं." हंगाम लांबला तर काय, हेही ठरतं. फिजिओ एका कार्डावर चित्र काढून देते: मूल उताणं, पाय सरळ आणि समांतर, गुडघ्याच्या वाट्या वर, कंबर कलती नको. कारखान्याजवळच्या कोणत्याही गावात एक्स-रे काढताना तंत्रज्ञाला हे दाखवायचं, कारण पाय वाकडे ठेवून काढलेल्या फिल्मवरचा आकडा खोटा येतो. मग फिल्मचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवायचा. ऑर्थोटिस्ट स्वतःहून आणखी एक बदल करतो. या मुलीच्या पट्ट्याला वेल्क्रो नाही, चामडी पट्टी आणि बक्कल लावायचं. कोपीतल्या धुळीनं आणि पाचटाच्या कुसळांनी वेल्क्रो महिन्याभरात धरेनासं होतं. पट्टा टोळी निघायच्या आधी द्यायचा, हे तो आपल्या वहीत लाल शाईनं लिहितो.

हे बघताना मला जे वाटतं, ते स्पष्ट सांगायला हवं. आपण मुलांना वस्तू देण्यात समाधान मानतो. शिबिर भरतं, बूट-पट्टे वाटले जातात, फोटो निघतात आणि काम झालं असं वाटतं. कामाची तर तिथे सुरुवात असते. दोन वर्षांचं जे मूल अजून उभं राहत नाही, त्याच्या खुब्याचा पहिला एक्स-रे त्या वयाच्या आसपास निघायला हवा, नंतर डॉक्टर सांगतील त्या अंतरानं, वाढ पुरी होईपर्यंत. दर खेपेला आकडा लिहिला जायला हवा आणि मागच्याशी ताडला जायला हवा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळेतल्या मुलांची तपासणी होते, जिल्ह्याला शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत; या तपासणीत एका एक्स-रेची आणि एका पेन्सिलीची भर घालणं फार महाग नाही. महाग पडतं ते हाड कापणं, आणि त्याहून महाग, मोठं झालेलं मूल बसवताना, पुसताना, कूस बदलताना रोज दुखणं.

तुमच्या घरात, शेजारात, वस्तीत असं लेकरू असेल तर त्याच्या आईला हे विचारा: खुब्याचा शेवटचा एक्स-रे कधी काढला आणि आकडा किती आला? आकडा माहीत नसेल, तर तिच्याबरोबर दवाखान्यात जा आणि तो केसपेपरवर लिहून घ्या.